वाघ, हेर आणि नागपूरचा मे महिना

मे महिन्यात दुपारी नागपुरात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. कूलरमधे पाणी टाकायचं, वाळा ओला झाला की त्याच्या वासासमोर चटई अंथरायची आणि टीव्ही लावायचा. रिमोट अर्थातच बाबांकडे आणि बाबा डॉक्युमेंटरीचे पक्के, दुसरं महायुद्ध चालतं, हेरगिरी चालते, सिंह हरणामागे धावतोय ते चालतं आणि बर्फाच्या डोंगरावरून कॅमेरा फिरतोय ते तर फारच चालतं, बघूनच गार वाटतं म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात भाचा सुट्टीत आला होता, तो बाजूला आडवा पडलेला आणि टीव्हीवर मुंबईचे बिबटे. बीबीसीच्या २०१६ च्या एका मालिकेतलं ते दृश्य, काळोखी रात्र, वस्तीच्या कडेला डुकरांच्या मागावर निघालेला बिबट्या, आणि तो चक्क पांढराशुभ्र चमकतोय.

"मामा, हा कॅमेरा पेंचला लावला तर लपलेले वाघ पण सगळे दिसतील ना?"

मी हो म्हणणारच होतो, पण खिडकीच्या गजाला हात लागला आणि चटका बसला. म्हटलं थांब, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू आहे, आत्ता लावला तर कदाचित काहीच दिसणार नाही.

आधी एक घोळ निस्तरू, कारण तो टीव्हीवर सर्रास होतो. रात्रीचं शूटिंग म्हटलं की "इन्फ्रारेड कॅमेरा" असं एकच नाव सगळ्याला देतात, पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे आपल्याला न दिसणारा टॉर्च मारायचा आणि तो उजेड परत आला की फोटो काढायचा. जंगलात झाडाला बांधलेले बरेच ट्रॅप कॅमेरे रात्री हेच करतात. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमधला छोटा दिवा याच जातीचा, खोटं वाटत असेल तर रिमोटचं तोंड मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्याकडे करून बटन दाबा, बहुतेक फोनमधे जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. दुसरा प्रकार म्हणजे थर्मल, तो पांढराशुभ्र बिबट्या याच कॅमेऱ्यातला. त्यात टॉर्च नाहीच. तिथे वाघ स्वतःच दिवा आहे.

म्हणजे कसं, तर प्रत्येक गरम वस्तू काहीतरी प्रकाश बाहेर टाकतच असते, फक्त तो कुठल्या लांबीच्या लहरींचा हे तिच्या तापमानावर ठरतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, त्याचा प्रकाश आपल्याला दिसतो. वाघ, तुम्ही, मी, आपण सगळे सदतीस अंशांच्या आसपास, आपला जोर साधारण साडेनऊ मायक्रॉनच्या लहरींवर असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्या बघणारा डोळा माणसाकडे नाही. हा न दिसणारा प्रकाश आहे हे १८०० साली विल्यम हर्शेलने शोधलं आणि ते कशाने, तर थर्मामीटरने! लोलकातून ऊन पाडून तो प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवत होता, लाल रंगाच्या पलीकडे जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे ठेवलं तर पारा सगळ्यात जास्त चढला.

पुढे दीडशे वर्षांत ही गोष्ट प्रयोगशाळेतून लष्कराकडे गेली. १९५० च्या दशकात अमेरिकेने साइडवाइंडर नावाचं क्षेपणास्त्र केलं, ते विमानाच्या इंजिनाची उष्णता हुंगत मागे लागायचं. मग रात्री शत्रूचे रणगाडे बघायचे थर्मल कॅमेरे आले. त्यांचा सेन्सर उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागायचा, नाहीतर कॅमेरा स्वतःच्याच उष्णतेने आंधळा होतो. आजही सिनेमावाले वापरतात ते भारी थर्मल कॅमेरे असेच आतून थंड केलेले असतात आणि लेन्स काचेची नाही तर जर्मेनियमची असते कारण साधी काच या लहरींना भिंतीसारखी. थंड न करता चालणारा छोटा सेन्सर १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या पैशाने गुपचूप तयार झाला, आणि गुपित उठल्यावर हळूहळू तो फायर ब्रिगेडपासून डॉक्युमेंटरीवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या हातात आला. बाबांचं हेरगिरीचं चॅनल आणि प्राण्यांचं चॅनल शेजारी शेजारी असतात ते उगाच नाही.

आता नागपूर. थर्मल कॅमेरा उष्णता बघतो असं म्हणतात पण खरं तर तो फरक बघतो. वाघ सदतीस-अडतीस आणि मागची जमीन वीस, तर वाघ ट्यूबलाइटसारखा दिसणार. आमच्याकडे मे महिन्यात हवाच पंचेचाळीस, उन्हातला खडक पन्नासच्या वर सहज जातो, तेव्हा दुपारी सावलीत पडलेला वाघ मागच्या दगडापेक्षा थंड, म्हणजे पडद्यावर उलटा, काळा दिसेल. मग संध्याकाळी जमीन निवत निवत वाघाच्या अंगाइतकी झाली की थोडा वेळ असा येतो की दोघांत फरकच उरत नाही आणि एवढा दोनशे किलोचा प्राणी पडद्यावरून गायब. सकाळी जमीन तापताना पुन्हा तेच. लष्करवाले याला थर्मल क्रॉसओव्हर म्हणतात, रणगाड्यांच्या बाबतीत त्यांची पण हीच डोकेदुखी.

त्यात वाघाच्या अंगावर केस. कॅमेऱ्याला आतलं रक्तमांस दिसत नाही, फक्त वरचा थर दिसतो आणि केसांचं टोक हवेच्या तापमानाकडे झुकलेलं असतं, म्हणून थर्मलमधे प्राण्याचे डोळे, तोंड, कानाचा आतला भाग आधी चमकतात. आणि उन्हाळ्यात वाघ करतो काय, पाणवठ्यात बुड टेकवून तासन्‌तास बसतो! ओल्या केसांतून पाणी उडतं, कातडं गार होतं, आपला कूलर चालतो तसंच. म्हणजे तो अजूनच फिका. पहाटे चारच्या सुमारास मात्र जमीन बरीच निवलेली असते, तेव्हा बरं दिसेल. भाच्याला म्हटलं तू चारला उठणार का, तर गप्प.

झाडावरच्या ट्रॅप कॅमेऱ्याची गंमत अजून वेगळी. त्याचा फोटो साधा, पण बटन दाबतो तो उष्णतेचा सेन्सर, दुकानाच्या जिन्यात माणूस आला की आपोआप दिवा लागतो ना, तोच. त्याच्यासमोरून आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी सरकलं पाहिजे, मगच तो जागा होतो. फार उकाड्यात प्राणी गेला तरी याला पत्ता नाही, आणि उलट लू सुटली की तापलेलं गवत हलतं आणि हा आपला गवताचे फोटो काढत बसतो. तरी याच कॅमेऱ्यांवर देशाची व्याघ्रगणना उभी आहे. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले आणि त्यात वाघाचे फक्त ७६,६५१! बाकी सगळं हरणं, डुकरं, गाईगुरं, माणसं आणि काय काय. पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे, डाव्या आणि उजव्या अंगाचे पण वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे. २०२२ चा देशाचा अंदाज ३,६८२, त्यात महाराष्ट्रात ४४४.

मी स्वतः एकदा बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढलीय. चांदणं असं की पेपर वाचावा. एक सांबर, दोन मोर आणि असंख्य डास. थर्मलमधे मीच सगळ्यात ठळक दिसलो असतो.

पेंचचा विषय निघालाच आहे तर, तिथल्या वाघांवर बीबीसीने २००८ मधे तीन भागांची मालिका केली होती, तिच्या नावातच 'स्पाय' आहे आणि हेर कोण, तर हत्ती. जीपपेक्षा हत्तीला वाघ जंगलातलाच समजतो, म्हणून हत्तींच्या सोंडेत आणि सुळ्यांवर कॅमेरे दिले, लाकडाच्या ओंडक्यासारखे दिसणारे कॅमेरे त्यांनीच नेऊन ठेवले. त्यात ज्या चार बछड्यांची गोष्ट आहे त्यातलीच एक पुढे कॉलरवाली म्हणून गाजली. आठ वेळा मिळून २९ पिल्लं, २०२२ च्या जानेवारीत गेली. अख्ख्या मालिकेतली सगळ्यात हुशार गोष्ट मला हत्तीच वाटते, थर्मल बिर्मल नंतर.

पण बाबांना वाघांपेक्षा हेर प्रिय, त्यांनी लगेच विषय हिमालयातल्या नंदादेवी शिखरावर नेला. १९६५ मधे अमेरिकेच्या सीआयएने आणि आपल्या गुप्तचर खात्याने मिळून चीनच्या क्षेपणास्त्रांवर कान ठेवायला नंदादेवीवर यंत्र बसवायचं ठरवलं. बर्फात बॅटरी कोण बदलणार, म्हणून प्लुटोनियमचा जनरेटर. त्यात फिरणारं काहीच नसतं, प्लुटोनियम आपोआप गरम राहतं, दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडाचं एक टोक त्या गरमीत आणि दुसरं बाहेरच्या थंडीत ठेवलं की वीज वाहते. इथे पण परत फरकच! नंदादेवीवर तो भरपूर, आमच्या गच्चीवर मे महिन्यात जरा कमी. हवा बिघडली, माणसं वर यंत्र बांधून ठेवून खाली आली, पुढच्या वर्षी गेले तर जागेवर नाही. बहुतेक हिमकडा कोसळून गेलं. आजतागायत सापडलेलं नाही. देशाला कळलं १९७८ मधे, पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत सांगितलं तेव्हा.

त्याच्याही शंभर वर्षं आधी हेच काम एक माणूस थर्मामीटर घेऊन करत होता. नैनसिंह रावत. आमच्या झिरो माइलचा खांब ज्या मोठ्या भारतीय सर्वेक्षणाची खूण आहे, त्याच सर्वेक्षणाने याला यात्रेकरूच्या वेशात तिबेटात पाठवलं. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावलांना एक मणी, आणि प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. उंची मोजायला पाणी उकळायचं. वर जावं तशी हवा विरळ, दाब कमी, पाणी लवकर उकळतं, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. नागपूर ३१० मीटरवर, म्हणजे आपल्या चहाचं पाणी ९९ ला उकळतं. ल्हासाला ते ८८ च्या आसपास. कोणी विचारलं तर चहा करतोय म्हणायला मोकळा, आणि १८६६ मधे ल्हासात बसून त्याने शहराची उंची काढली.

रात्री दहाला गच्चीवर गेलो तर फरशी अजून तापलेलीच. भाच्याने रिमोट आणला होता, जांभळा ठिपका बघून झाला. भिंतीवर दिव्याजवळ पाल होती, तर म्हणाला ही थर्मलमधे नाही दिसणार मामा, ही भिंतीएवढीच गरम आहे. बरोबर होतं. पालीचं रक्त आजूबाजूच्या तापमानाचं. मग विचारतो, आणि सापाला दिसते का उष्णता? सगळ्यांना नाही म्हटलं, घोणसला नाही, पण चापड्याला डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक खड्डा असतो, त्यात पातळ पडदा, काळोखात उंदराची ऊब त्याला तिथून कळते.

आता पुढच्या पावसाळ्यात त्याला आंबोलीला जायचंय, चापडा बघायला. बाबा म्हणाले मी पण येतो, तिथे गार असेल.