एका वर्षात चार वर्षं: कोविड आणि अमेरिकेतले लॅटिनो

२०१९ साली अमेरिकेतल्या लॅटिनोंचं, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतल्या लोकांचं, सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षं होतं आणि गोऱ्या अमेरिकनांचं ७८.८. २०२० संपलं तेव्हा लॅटिनोंचा आकडा ७७.९ वर येऊन ठेपला होता. एका वर्षात चार वर्षं गेली. गोऱ्यांचीही घट झाली, पण ती दीड वर्षाच्या आत राहिली.

हा धक्का समजून घ्यायचा तर आधी १९८६ सालात जावं लागतं. किरियाकोस मार्किडेस आणि जेनीन कोरील या अभ्यासकांनी त्या वर्षी दाखवून दिलं, की नैऋत्य अमेरिकेतले लॅटिनो गरीब असूनही त्यांचं आरोग्य बऱ्याच बाबतींत गोऱ्यांच्या बरोबरीचं आहे. पुढे याला ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ असं नाव पडलं (हिस्पॅनिक म्हणजे इथे लॅटिनोच). कारणं बरीच सांगितली गेली. धूम्रपानाचं कमी प्रमाण हे त्यातलं सर्वांत भक्कम. परदेशी जाऊन राबायला मुळात धडधाकट माणसंच निघतात, हेही खरं. मधुमेह मात्र या समाजात आधीपासून जास्त होता: निदान झालेल्या प्रौढांचं प्रमाण ११.८ टक्के, तर गोऱ्यांमध्ये ७.४ टक्के. म्हणजे जास्त जगणारा हा समाज निरोगी होता असं नव्हे. त्याचं दुखणं वेळेवर दवाखान्यापर्यंत पोचत नव्हतं.

ते का पोचत नव्हतं, याची मुळं शंभर वर्षांमागे जातात. १९१७ साली उवांमधून पसरणाऱ्या टायफस तापाच्या भीतीने टेक्सासमधल्या एल पासोच्या पुलावर, मेक्सिकोतून रोज कामाला येणाऱ्या बायकांना कपडे उतरवायला लावत, कपडे वाफेवर काढत आणि उवांसाठी केसांना रॉकेल व व्हिनेगर लावत. २८ जानेवारीला कार्मेलिता तोरेस या १७ वर्षांच्या मोलकरणीने नकार दिला, तिच्यामागे इतर बायका ट्रामगाड्यांतून उतरल्या आणि पूल अडला. पद्धत काही थांबली नाही. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून मजूर आणणाऱ्या ‘ब्रासेरो’ योजनेखाली सुमारे ४६ लाख मजुरी करार झाले, तेव्हा स्वागत केंद्रांवर मजुरांच्या अंगावर डीडीटीची पूड फवारली जाई. आरोग्य तपासणारा माणूस आणि सीमेवरून परत पाठवणारा माणूस एकाच दारात उभा असतो, हे या समाजाने तिथे पाहिलं. ते घराघरात लक्षात राहिलं.

कायदेही तसेच होते. १९३८ च्या किमान वेतन आणि जादा कामाच्या कायद्यातून शेतमजूर वगळले गेले. १९९६ च्या कायद्याने रीतसर आलेल्या बहुतेक स्थलांतरितांनाही मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी पाच वर्षं थांबायला लावलं. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी विमा बाजारातून स्वतःच्या पैशानेही विमा घ्यायची मुभा दिली नाही. २०१९ मध्ये १६.७ टक्के लॅटिनो विम्याविना होते, गोरे ५.२ टक्के. त्यात भर म्हणून ‘पब्लिक चार्ज’चा नवा नियम २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागू झाला. मेडिकेड किंवा अन्नमदत घेतली तर कायम निवासाचा अर्ज अडू शकतो, असा त्याचा धाक. कोविडच्या तपासणीला आणि उपचाराला तो लागू नाही असा खुलासा सरकारने केला, पण बारीक अक्षरांतला खुलासा लोकांपर्यंत पोचत नाही, धाक मात्र लगेच पोचतो. साथ दारात असताना लोक दवाखान्यापासून लांब राहिले.

आता विषाणू कोणत्या वाटेने पसरला ते पाहू. मांस प्रक्रियेच्या कारखान्यात थंड, दमट हॉल, खांद्याला खांदा लावून उभे असलेले कामगार आणि यंत्रांचा इतका आवाज, की शेजाऱ्याशी बोलायलाही तोंड जवळ नेऊन ओरडावं लागतं. कामावर येताना-जाताना एकाच गाडीत सात-आठ जण. कुठे कुठे खाडा न केल्याबद्दल बोनस, त्यामुळे अंगात ताप असला तरी माणूस पाळीवर हजर. मे २०२० अखेर २३ राज्यांतल्या २३९ कारखान्यांत १६,२३३ रुग्ण आणि ८६ मृत्यू नोंदले गेले. ज्यांचा वंश नोंदला होता त्या रुग्णांपैकी ५६ टक्के लॅटिनो होते. त्याआधीच, २८ एप्रिलला, कारखाने चालू राहावेत म्हणून राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला होता. मार्चमध्ये संसदेने कोविडसाठी ८० तासांची पगारी रजा मंजूर केली, पण ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्या त्यातून वगळल्या. मोठे कारखाने नेमके तिथेच सुटले.

घरी आल्यावर अडचण वेगळी. ‘स्वतंत्र खोलीत राहा, वेगळं न्हाणीघर वापरा’ हा सल्ला दोन खोल्यांत तीन पिढ्या राहणाऱ्या घराला पाळता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात एप्रिल २०२० च्या शेवटी चार दिवसांत सुमारे तीन हजार रहिवाशांची तपासणी झाली. तपासलेल्यांत लॅटिनो ४४ टक्के, बाधितांत मात्र ९५ टक्के. बाधितांपैकी ९० टक्के लोकांना घरून काम करणं शक्य नव्हतं आणि निम्म्याहून जास्त जणांना कसलंही लक्षण नव्हतं. म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांनी तपासणीला जोडून घरपोच किराणा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मागितली. साथीत विलगीकरण पाळायला आधी पोट भरलेलं लागतं. केंद्र सरकारची १,२०० डॉलरची मदतही सगळ्यांपर्यंत पोचली नाही: संयुक्त करविवरण भरणाऱ्या जोडप्यात एकाकडे सोशल सिक्युरिटी हा सरकारी ओळख क्रमांक नसेल, तर नागरिक असलेल्या जोडीदारालाही पैसे मिळाले नाहीत. ही चूक डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्त झाली.

हे सगळं आकड्यांत उशिरा दिसलं, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. लॅटिनोंचं मध्यम वय सुमारे ३०, गोऱ्यांचं सुमारे ४४. कोविड मुख्यतः म्हाताऱ्यांना मारतो. त्यामुळे नुसते मृत्यू मोजले, तर तरुण समाजाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणातच वाटतो. दोन्ही समाजांच्या वयाची रचना सारखी धरून हिशेब केला, की लॅटिनोंचा मृत्युदर दुपटीच्या पुढे जातो. कॅलिफोर्नियात तर मार्च ते ऑक्टोबर २०२० मध्ये अन्न आणि शेती क्षेत्रातल्या कामकरी वयाच्या लॅटिनोंचे मृत्यू नेहमीपेक्षा ५९ टक्क्यांनी वाढले होते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही पुरता विश्वासाचा निघाला नाही. तो त्वचेतून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून ऑक्सिजन मोजतो, आणि त्वचेतलं रंगद्रव्य त्यातला काही प्रकाश शोषतं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रुग्णांत यंत्र सरासरी साधारण एक टक्का जास्त दाखवत होतं, असं २०२२ च्या अभ्यासात दिसलं. उपचाराची रेषा ९४ वर आखलेली असताना हा एक टक्का औषध लांबवायला पुरतो. आपल्याकडेही घरोघरी याच यंत्राने मोजणी झाली, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावं.

लशीच्या वेळी आधी ७५, मग ६५ वर्षांवरच्यांना प्राधान्य मिळालं. ज्या समाजात वृद्ध कमी आणि चाळिशीतले मृत्यू जास्त, तो रांगेत आपोआप मागे गेला. नोंदणी ऑनलाइन. लॉस एंजेलिसमध्ये वंचित वस्त्यांसाठी ठेवलेले नोंदणीचे कोड फेब्रुवारी २०२१ मध्ये सुखवस्तू लोकांच्या फोनवर फिरत असल्याचं उघड झालं. मार्चमध्ये कॅलिफोर्नियाने ४० टक्के लस सर्वांत वंचित भागांसाठी राखून ठेवली. खरी मदत ‘प्रोमोतोरा’ बायकांची झाली, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या वस्तीतल्याच कार्यकर्त्या. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या शेतमजुरांत मिश्टेको ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांना स्पॅनिशमधलं पत्रकही उपयोगाचं नव्हतं, तिथे रेडिओ इंदिहेना या केंद्राने त्यांच्या भाषेत माहिती दिली.

‘पब्लिक चार्ज’चा तो नियम ९ मार्च २०२१ पासून लावणं थांबलं. लॅटिनोंचं आयुर्मान २०२२ मध्ये ८० वर आलं, २०१९ च्या जवळ पण अजून खाली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून कागदपत्रांची अट न घालता सर्व वयाच्या पात्र गरिबांना सरकारी विमा खुला केला. जानेवारी २०२६ पासून कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी मात्र बंद आहे.