घरगुती पॉवर ॲम्प्लिफायर (कोकण)

सुटे भाग किंवा तयार किट आणून घरी, नाहीतर बाजारपेठेतल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात बांधलेला ध्वनिवर्धक. बोलण्यात ‘ॲम्प्ली’. मोबाइल किंवा मिक्सरकडून येणारा दुबळा संकेत स्पीकर हलवता येईल इतका ताकदवान करणे, हे त्याचे काम. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत भजनी मंडळे, वाडीचे सार्वजनिक कार्यक्रम आणि हौशी घरे अशी याची गिऱ्हाइके आहेत. भाग बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात. गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत आयसी (एकाच तुकड्यात बसवलेले पूर्ण सर्किट) आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असणे यात नवल काही नाही.

ट्रान्झिस्टरच्या जमान्यात घरगुती बांधणीचा कणा होता २एन३०५५. जाड धातूच्या टोपीतला हा एनपीएन ट्रान्झिस्टर ६० व्होल्ट आणि १५ अँपिअरपर्यंतचा. त्याच्या तोडीचा पीएनपी, म्हणजे उलट्या दिशेने प्रवाह नेणारा जोडीदार, त्या काळी महाग पडे, म्हणून दोन्ही बाजूंना एनपीएनच वापरणारी रचना रूढ झाली, ती एच. सी. लिन यांनी १९५६ साली मांडली होती. पुढे सॅन्यो या जपानी कंपनीच्या एसटीके मालिकेतल्या आयसी आल्या. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या एलए४४४० ने तर वीज नसलेल्या ठिकाणीही आवाज पोचवला. तिच्यातून दोन चॅनलना प्रत्येकी ६ वॅट मिळतात, दोन्ही एकत्र जोडून (ब्रिज जोडणी) १९. मोठ्या कामाला आज सी५२०० आणि ए१९४३ ही ट्रान्झिस्टरांची जोडी चालते. तिची नक्कल बाजारात इतकी आहे की स्वस्तात मिळालेली जोडी संशयानेच पाहावी. नकली मालात आतली सिलिकॉनची चकती लहान असते आणि पूर्ण भार येताच ती उडते.

किती वॅट मिळणार हे ट्रान्झिस्टरांच्या संख्येवर नाही, वीजपुरवठ्यावर ठरते. २४-०-२४ च्या (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरमधून ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि कपॅसिटरनंतर दोन्ही बाजूंना सुमारे ३३ व्होल्ट डीसी मिळतात. भाराखालची घट धरली तर स्पीकरपर्यंत २८ व्होल्टचे शिखर पोचते, म्हणजे ८ ओहमवर सुमारे ४९ वॅट. दुकानातल्या सेटवर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेले हजारो वॅट म्हणजे निव्वळ जाहिरात. ५० चे १०० वॅट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. ॲम्प्लीत ‘दम नाही’ अशी तक्रार आली की बांधणारे ट्रान्झिस्टरांची आणखी एक जोडी लावतात. खरा दोष मात्र बहुतेक वेळा ढोलकीच्या थापेसरशी व्होल्टेज खाली बसवणाऱ्या हलक्या ट्रान्सफॉर्मरचा असतो. सुधारणेचा पहिला रुपया तिथे घालावा.

कपॅसिटर निवडताना गावाकडची वीज लक्षात घ्यावी लागते. रात्री भार उतरला की काही ठिकाणी २३० चे व्होल्टेज २६० पर्यंत चढते. त्या हिशेबाने ३३ चे सुमारे ३७ होतात. काटकसर म्हणून लावलेला ३५ व्होल्टचा कपॅसिटर मग फुगतो, प्रसंगी फुटतो. ४७०० मायक्रोफॅरड किंवा त्याहून मोठा, पण ५० व्होल्टचा, हा सुरक्षित नेम.

किनाऱ्यावर या यंत्राचा खरा शत्रू खारी हवा. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे सूक्ष्म कण सर्किट बोर्डावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून स्वतःच विरघळते, आणि पावसाळ्यात कोकणात ती पातळी रोजचीच. बोर्डाच्या दोन रेषांमध्ये वीजवाहक ओल तयार होते, तांबे हिरवे पडते, व्हॉल्यूमचा कंट्रोल फिरवला की खरखरतो. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेला चिकट पदार्थ) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवून, बोर्ड पूर्ण वाळवून त्यावर पारदर्शक व्हार्निशचे दोन हात दिले तर आयुष्य पुष्कळ वाढते. कंट्रोल, सॉकेट आणि रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) यांना मात्र व्हार्निश लागू द्यायचे नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे बायसचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने जुळवायचा छोटा रेझिस्टर. आउटपुट (स्पीकर चालवणाऱ्या) ट्रान्झिस्टरांतून संकेत नसतानाही वाहणारा थोडा प्रवाह, म्हणजे बायस, तो ठरवतो: एमिटरच्या (बेस, कलेक्टर, एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय) ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट दिसले तर ५० मिलिअँपिअर. मिठाने या प्रीसेटची सरकपट्टी उचलली गेली आणि तो बायस सांभाळणाऱ्या वेगळ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेस बाजूला असला, तर प्रवाह अनावर होऊन पूर्ण जोडी जळते. बेस-एमिटर बाजूला असला तर बायस नुसता खाली येतो आणि आवाज थोडा फाटतो. स्वस्त किटमध्ये याचा विचार असेलच असे नाही. बायस एकदा जुळला की प्रीसेट काढून तेवढ्याच ओहमचा पक्का रेझिस्टर लावणे उत्तम. बायसचा ट्रान्झिस्टर आउटपुटच्याच हीटसिंकवर बसवायचा, कारण तापमान एक अंश वाढले की जंक्शनचे व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटते आणि ती घट त्यालाही कळावी लागते.

पावसाळाभर बंद राहिलेल्या घरातला ॲम्प्ली गणपतीला थेट सॉकेटमध्ये लावू नये. आधी झाकण उघडून मुंग्या-पालींचा संसार साफ करावा, मग १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून वीज द्यावी. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पीकर मात्र रिलेच्या संरक्षक बोर्डामार्फतच जोडावेत. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ३३ व्होल्ट डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलवर जातात आणि ती जळते.

‘हम’ची, म्हणजे स्पीकरमधल्या सततच्या घुमण्याची, तक्रार बहुधा अर्थिंगची. ग्राउंडच्या सगळ्या तारा मुख्य कपॅसिटरांच्या मधल्या एकाच ठिकाणी आणल्या की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला जमिनीत असतो: जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावे लागते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवतात; फ्यूज त्या धक्क्यापुढे काहीच नाही.

अलीकडे २४ व्होल्टवर चालणारे क्लास-डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून आवाज वाढवणारे) बोर्ड पसरले आहेत. ते हलके असतात, कमी तापतात आणि बॅटरीवर चालतात. पण त्यांचे भाग इतके बारीक की गावातला कारागीर बोर्ड दुरुस्त करत नाही, बदलतो. खुल्या जागेत आवाज किती आणि कधी, हे ध्वनिप्रदूषण नियम, २००० ठरवतात: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते.