कार्डावर ‘इंटरनॅशनल’ छापलंय, तरी बाहेर का चालत नाही? पार्श्वभूमी

मुंबईहून मनीऑर्डर यायची तो काळ कोकणात सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. डेबिट कार्डं नवीन होती तेव्हा कित्येक कार्डांवर बारीक अक्षरात असायचं, फक्त भारत आणि नेपाळमध्ये चालेल. मग चिपवाली आली, २०१८ संपेपर्यंत जुनी पट्टीवाली बदला म्हणून बँकांनी मेसेजवर मेसेज पाठवले, आणि पुष्कळशा नव्या कार्डांवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द आला. सगळा घोळ या शब्दाचा आहे.

कारण जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा नियम निघाला की नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू असेल, परदेशातलं, ऑनलाइन आणि टॅप करून द्यायचं पेमेंट ग्राहकाने स्वतः चालू करायचं. जुन्या कार्डांतही ज्याच्यावर बाहेरचा व्यवहार कधी झालाच नव्हता त्याचं ते बंद करायला सांगितलं. म्हणजे छापलेला शब्द तसाच, बँकेच्या ॲपमधलं बटण बंद.

नियम चुकीचा होता असं मी अजिबात म्हणणार नाही. देशात ऑनलाइन पेमेंटला २००९ पासून ओटीपीसारखी दुसरी खात्री लागते, परदेशी साइटवर मात्र नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले की बऱ्याचदा पैसे जातात, आणि डेबिट कार्डात जातात ते थेट बचत खात्यातून. आंब्याच्या सीझनचे वर्षभराचे पैसे त्याच खात्यात असतात हो!

पण फटका बसला पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्याला. आमच्या वाडीतला एक मुलगा जहाजावर लागला, सिंगापूरला उतरून सिमकार्ड घ्यायला गेला तर कार्ड डिक्लाइन, खात्यात पैसे असून. ॲपमध्ये बटण सापडलं, पण ते चालू करायला ओटीपी हवा आणि तो येणार घरच्या नंबरवर, ज्याला रोमिंगच नव्हतं. कार्ड देताना काउंटरवर हे दोन वाक्यांत सांगायला काय हरकत होती?

बटण चालू असलं की मशीनवरून विचारणा दुकानदाराच्या बँकेकडे, तिथून व्हिसा, रुपेसारख्या कार्ड नेटवर्कमार्फत आपल्या बँकेत, आणि काही सेकंदांत हो किंवा नाही. पैसे लगेच अडवले जातात, पक्का हिशोब एकदोन दिवसांनी होतो, त्यामुळे रक्कम थोडी बदलू शकते, वर बँकेचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारावरचा आकार, बऱ्याच ठिकाणी साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्यावर जीएसटी. मशीनने रुपयात घेऊ का विचारलं तर नाही म्हणायचं, तो दर बहुतेक वेळा महाग पडतो.