सरासरीत हरवलेली हुशारी

१८९६ सालच्या नोव्हेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटं टिपण छापून आलं. ते लिहिणारे डॉ. प्रिंगल मॉर्गन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावचे. टिपण होतं पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्यानं भराभर आणि बिनचूक केला. पण स्वतःचं नाव लिहायला सांगितलं, तर ‘पर्सी’चं ‘प्रेसी’ झालं. सात वर्षांचा असल्यापासून त्याला शिकवलं जात होतं, तरी साधे साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते. मॉर्गननी त्याच्या मास्तरांचं मतही नोंदवून ठेवलंय: सगळं शिकवणं तोंडी असतं, तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

डिस्लेक्सियाचा, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीचा, इतिहास सांगताना हे टिपण नेहमी येतं. मला त्यातलं मास्तरांचं वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. मुलाची बुद्धी आणि मुलाची अडचण, दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसत होती. आज आपल्याकडे चाचण्या आहेत, कायदा आहे, मोठ्या रुग्णालयांत तपासणीची सोय आहे. तरीही या दोहोंपैकी एक गोष्ट बहुतेकदा नजरेतून निसटते.

हुशार असूनही वाचन-लेखनात अडखळणारी अशी मुलं तीन प्रकारे हरवतात. काहींची हुशारी सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे ‘डोकं आहे, पण आळशी आहे’ असा शिक्का बसतो आणि अडचण कुणी शोधतच नाही. काहींना अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचं, प्रमाणपत्र मिळतं, मग त्यांच्याकडून फार काही अपेक्षा ठेवायची नाही असं घरीदारी ठरून जातं. तिसरा गट सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. त्यांची बुद्धी अडचणीला झाकते आणि अडचण बुद्धीला. गुण साठ-पासष्ट टक्के. शिक्षकांची तक्रार नाही, पालकांना काळजी नाही. दोन ओळी वाचायला या मुलाला किती जोर लावावा लागतो, हे कुणाला कळत नाही.

बुद्धिमापनाच्या चाचण्यांतही नेमकं हेच होऊ शकतं. समजा, वेक्सलर चाचणीत दहा वर्षांच्या एका मुलीला भाषिक आकलनात १३९ गुण मिळाले, आकृत्यांवरून विचार करण्यात १३१, कार्यकारी स्मृतीत, म्हणजे माहिती क्षणभर मनात धरून तिच्यावर काम करण्यात, ९८ आणि कामाच्या वेगात ८७. या मापात सरासरी १०० धरलेली असते. १३९ म्हणजे हजारात जेमतेम पाच मुलं तिच्या बरोबरीची. ८७ म्हणजे शंभरातली ऐंशी मुलं तिच्या पुढे. अहवालाच्या पहिल्या पानावर मात्र एकत्रित आयक्यू छापलेला असतो: १२० च्या आसपास. ‘छान आहे, काही अडचण नाही,’ असं म्हणून फाइल बंद होते. त्या १२० मध्ये मुलीची झेपही दिसत नाही आणि तिची अडखळही दिसत नाही.

म्हणून गुणांत एवढी तफावत असेल, तेव्हा अनुभवी मानसशास्त्रज्ञ एकत्रित आकड्यावर विसंबत नाहीत. स्मृती आणि वेग बाजूला ठेवून फक्त विचारशक्तीचा निर्देशांक काढण्याची सोय याच चाचणीत आहे. इथे एक सावधगिरी हवी. अतिशय बुद्धिमान मुलांचा कामाचा वेग बऱ्याचदा सरासरीच्या जवळच असतो. तेव्हा नुसती तफावत म्हणजे निदान नव्हे. अडचणीचा पुरावा प्रत्यक्ष वाचण्यात, लिहिण्यात, गणितात सापडायला हवा.

आपल्याकडे अजून वापरात असलेल्या चाचण्यांचा इतिहासही इथे आठवतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीला मराठी आणि कन्नड रूप दिलं व्ही. व्ही. कामत यांनी, १९३० च्या दशकात. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप नागपूरच्या आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये आणलं. आपल्या मुलांना आपल्या भाषेत मोजावं, हा आग्रह मोठा होता आणि आजही तो तितकाच गरजेचा आहे. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा मुलाची फक्त इंग्रजीतून तपासणी केली, तर त्याला वाचता येत नाही की ती भाषाच पुरेशी येत नाही, हे कळणार कसं? पण कामत चाचणीचं मुख्य उत्तर म्हणजे एकच आकडा. झाकलेली अडचण शोधायला तो पुरत नाही.

दुसरा अडसर निकषाचा आहे. आपल्या रुग्णालयांत बराच काळ वापरला गेलेला ढोबळ नियम असा की, मूल आपल्या इयत्तेच्या दोन वर्षं मागे असेल, तरच अध्ययन अक्षमता मानायची. सामान्य बुद्धीच्या मुलासाठी तो ठीक असेल. पण आठवीच्या मुलांसारखा विचार करणारी पाचवीतली मुलगी चौथीच्या पातळीवर वाचत असेल, तर या नियमाने ती जवळपास ठीकच ठरते! तिची स्वतःची समज आणि तिचं वाचन यांतलं अंतर मात्र चार वर्षांचं असतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत याची दखल आहे: बुद्धिमान मुलं अफाट कष्टांनी किंवा आपल्या युक्त्यांनी बराच काळ निभावून नेऊ शकतात, आणि वेळ लावलेल्या परीक्षेत ती अडकतात.

या युक्त्या ओळखणं हे तपासणीचं खरं कौशल्य. हुशार मूल उतारा वाचताना पहिलं अक्षर आणि संदर्भ यांवरून शब्दाचा अंदाज बांधतं. उताऱ्याखालचे प्रश्न ते सामान्यज्ञानावर सोडवतं. म्हणून त्याला अर्थहीन शब्द वाचायला द्यायचे: ‘टिमसूर’, ‘गळपेत’, ‘र्‍होक्ता’. इथे अंदाज चालत नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं इंग्रजीपेक्षा सरळ आहे, त्यामुळे मराठी वाचताना चुका कमी होतात आणि अडचण बहुधा संथपणातून दिसते. तेव्हा किती बरोबर वाचलं याच्याबरोबर किती वेळात वाचलं, हेही मोजायलाच हवं. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या यांच्यापाशी मूल कुठे थबकतं ते टिपायचं. मग एकच गोष्ट आधी तोंडी सांगायला लावायची आणि नंतर लिहायला. दहा मिनिटं रंगवून सांगितलेली गोष्ट कागदावर चार तुटक वाक्यांत संपली, की खूप काही कळतं.

आणि मुलाला विचारायचं. आठ-नऊ वर्षांची मुलं आपली अडचण आश्चर्य वाटावं इतकी नेमकी सांगतात. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, आणि त्या मिळायलाच हव्यात. पण फक्त सवलतींवर थांबणं या मुलांवर अन्याय आहे. वाचनासाठी विशेष शिक्षकांची मदत आणि बुद्धीला पुरेल असं आव्हान, दोन्ही एकाच आठवड्यात चालू हवं. ‘आधी वाचन सुधार, मग रोबोटिक्सला जा’ ही अट घातली, की मुलाला ज्यात आपण चांगले आहोत असं वाटतं, नेमकं तेच काढून घेतलं जातं.

एक व्यवहाराची गोष्ट. आठव्या वर्षी केलेली तपासणी निर्दोष निघाली, तरी ती कायमची समजू नये. पाचवी ते आठवीच्या दरम्यान धडे लांबतात, उत्तरं मोठी होतात आणि अंदाजाने वाचणं पुरेनासं होतं. त्या काळात गुण घसरले, गृहपाठाला रात्रीचे अकरा वाजू लागले, शाळेच्या दिवशीच पोट दुखू लागलं, तर फेरतपासणी करावी. जुना अहवाल सोबत न्यावा, म्हणजे तीच चाचणी लगेच पुन्हा दिली जाणार नाही. आणि तज्ज्ञांना एकत्रित आकड्याऐवजी प्रत्येक विभागाचे गुण वेगवेगळे समजावून सांगायला सांगावं.