घरात अर्थिंग आहे, मग आभाळातल्या विजेची भीती कशाला?

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दोन धोके एकदमच दारात येतात. घरात लोखंडी कूलर सुरू होतो आणि दुपार कलली की अवकाळीचं आभाळ गडगडायला लागतं. कूलरच्या शॉकसाठी अर्थिंग, आभाळातल्या विजेसाठी अरेस्टर, म्हणजेच वीज अटकाव यंत्रणा. दोन्हींची तार किंवा पट्टी जमिनीत जाते, दोन्हींचे खड्डे सारखेच दिसतात. म्हणून 'आमचं अर्थिंग पक्कं आहे' म्हणत लोक आभाळाच्या बाबतीतही निर्धास्त राहतात. उलटंही घडतं: छतावर अरेस्टर उभा असतो आणि कूलरला अर्थच नसतो.

फरक आधी आकड्यांत बघा. घरात वायर कूलरच्या पत्र्याला टेकली तर दाब 230 व्होल्टचा आणि प्रवाह थोड्या अँपिअरचा, पण कुणी तोडेपर्यंत तो वाहतच राहतो. आभाळातली वीज साधारण 30,000 अँपिअरची, आणि तिचा एकेक झटका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आत संपतो. एमसीबीला (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे एमसीबी, फ्यूज, आरसीसीबी (प्रवाह जमिनीत गळायला लागला की पुरवठा तोडणारा स्विच) यांतलं काहीही आभाळातल्या विजेला अडवत नाही.

अर्थिंगचं खरं काम वेगळं: घरातल्या उपकरणाच्या पत्र्यावर आलेला प्रवाह जमिनीत उतरवणं. खेड्यात बहुतेक घरांना खांबावरून फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थ ज्याचा त्याने करायचा. रीत ठरलेली आहे: किमान 2.5 मीटर लांब आणि सुमारे 40 मिमी व्यासाचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भिंतीपासून दीड मीटर लांब, भोवती कोळसा-मिठाचे थर आणि वर पाणी ओतायला नरसाळं. आपल्याकडे अडचण येते ती जमिनीची. काळी माती ओली असताना उत्तम अर्थ देते, पण उन्हाळ्यात भेगाळून पाइपला सोडते. तिच्याखाली लगेच मुरूम नाहीतर काळा पाषाण लागतो. चार-पाच फुटांवर दगड लागला म्हणून पाइप कापून आखूड करणारे वायरमन कमी नाहीत. त्यापेक्षा दोन-तीन जागी अर्थ करून ते पट्टीने जोडा आणि दोघांत निदान पाइपच्या लांबीइतकं अंतर ठेवा. उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओता. मीठ पाइपलाच खातं, तेव्हा वरचा जोड दरवर्षी उघडून बघा.

आता हिशोब. अर्थचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, 20 ओहम असेल तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. एवढ्याने 16 अँपिअरचा एमसीबी पडणारच नाही. अर्थिंग असूनही कूलरचा पत्रा जिवंत राहील. म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. ती 100 ओहमच्या वाईट अर्थवरही पडते. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून 'अर्थ चांगलं' ठरवणं फसवं आहे. 100 वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे 530 ओहम असतो. अर्थ 50 ओहमचं असलं तरी बल्बला 210 व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. मोजायचं तर अर्थ टेस्टरने, तेही मे महिन्यात. आणि थ्री-पिनमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडणं हा तर जीवघेणा जुगाड: खांबावर न्यूट्रल तुटला की कूलरच्या पत्र्यावर सरळ फेज येतो.

अरेस्टर कशालाही अडवत नाही. पडणारी वीज घराच्या बाहेरूनच जमिनीत नेणं एवढंच त्याचं काम. पाण्याची टाकी आणि डिश यांच्याहूनही उंच दांडा, तिथून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरून बाहेरच्या भिंतीने उतरणाऱ्या 25×3 मिमी जीआय पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला स्वतःचा अर्थ. रोध 10 ओहमच्या आत हवा. पट्टीला काटकोनी वळण किंवा वेटोळं दिलं तर वीज वाट सोडून भिंतीतल्या वायरिंगवर उडी मारते. दांड्याच्या टोकापासून 45 अंशांत खाली उतरणाऱ्या रेषेच्या आतलं सुरक्षित, असा जुना, सावध हिशोब धरला तर छतावर 3 मीटर उंच दांडा छतावरचा भोवतीचा 3 मीटरचाच भाग झाकतो. लांब घराला एक दांडा पुरत नाही.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो दोन्ही अर्थ एकत्र करावे की वेगळे ठेवावे यावर. अरेस्टरची पट्टी घरातल्या अर्थच्या वायरला जोडायची नाही. तशाने वीज आपणच आत बोलावतो. पण खड्डे पूर्ण तुटक ठेवणंही चूक. 30,000 अँपिअर 10 ओहममधून गेले की पट्टीवर क्षणभर 3 लाख व्होल्ट उभे राहतात, आणि शेजारचं घराचं अर्थ शून्यावर असेल तर मधे ठिणगी उडते. म्हणून दोन्ही खड्डे जमिनीखालून पट्टीने जोडायचे आणि मेन बोर्डात टाइप 1 सर्ज प्रोटेक्टर (तारांवर अचानक आलेला जादा दाब अर्थकडे वळवणारं उपकरण) बसवायचा. त्याची अर्थची वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, लांब वायर त्याचा उपयोग घालवते.

'एका यंत्रात अख्खं गाव सुरक्षित' असं सांगून खास टोकाचे अरेस्टर विकले जातात. आयएस/आयईसी 62305 हे विजेपासून संरक्षणाचं मानक दांड्याची खरी उंचीच धरतं, टोकाची करामत नाही. ग्रामपंचायतीवरच्या दांड्याने शिवारातल्या माणसाला काडीचा आधार नाही.

शिवारात तर ही दोन्ही साधनं गैरहजरच असतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर घ्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंद किंवा कमी गेले तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आखाड्यावरचं पत्र्याचं शेड पक्कं घर नव्हे. एकट्या लिंबाखाली बैल बांधू नका: जमिनीत पसरणाऱ्या विजेचा दाब त्याच्या पुढच्या-मागच्या पायांमधल्या अंतरामुळे माणसापेक्षा जास्त बसतो. तारेच्या कुंपणालाही नको.

पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, टीव्ही, फ्रिज यांचे प्लग आभाळ भरून येतानाच काढा. कडाडायला लागल्यावर स्टार्टरच्या पेटीला हात लावू नका. पाऊस चालू असताना उतरत्या पट्टीपासून 3 मीटर लांब राहा. जवळपास वीज पडून गेली की सर्ज प्रोटेक्टरची खिडकी हिरवी आहे का बघा (लाल झाली तर तो संपला, बदला) आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून ती पडते याची खात्री करा.