अ‍ॅव्हरेज पडलं की एअर फिल्टरच दोषी?

जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज अचानक 16 वरून 11 वर आलं की सल्ला ठरलेला: एअर फिल्टर बदला. कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा जुना भाग) मारुती 800 ला तो लागू होता. हवा अडली की मिश्रणात पेट्रोल वाढायचं. पण इंजेक्शनच्या (कॉम्प्युटर पेट्रोल मोजून फवारतो अशा) पेट्रोल गाडीत आत येणाऱ्या हवेच्या हिशोबानेच पेट्रोल सुटतं. फिल्टर चोंदला तर पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही.

आधी चाकं बघा. दहा किलोमीटर चालवा, ब्रेक कमीत कमी मारून थांबा. एकच रिम जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. (हात जवळ न्या, लावू नका, भाजतं.) टायरमधली हवाही तपासा. तापमानाचा काटा वर चढतच नसेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) बहुधा उघडा अडकलाय; इंजिन थंड समजून जादा पेट्रोल जात राहतं.