चोथा गाळण्यापासून चोथा उचलण्यापर्यंत : पिशवीतल्या ब्रूइंगची पार्श्वभूमी

धान्यापासून घरच्या घरी बिअर करायला निघालेल्या नवशिक्याला आज पहिल्या दिवशी फार थोडी सामग्री लागते : एक मोठे पातेले, एक थर्मामीटर, आच देण्याची सोय आणि पातेल्याच्या आतून तळापर्यंत पोहोचेल अशी बारीक जाळीच्या कापडाची पिशवी. पातेल्यात पाणी तापवायचे, पिशवी आत सोडायची, तीत भरडलेले माल्ट ओतायचे, तासाभराने पिशवी उचलून घ्यायची आणि मागे उरलेला गोड द्रव त्याच पातेल्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुले, घालून उकळायचा. ‘ब्रू इन अ बॅग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजच्या रूपात जेमतेम वीस वर्षांची आहे. मात्र जो प्रश्न ती सोडवते, तो बिअरइतकाच जुना आहे, आणि तो प्रश्न नीट समजल्याशिवाय या पिशवीचे महत्त्व लक्षात येत नाही.

बार्ली भिजवून, तिला मोड आणून, मग वाळवली की माल्ट तयार होते. मोड येताना दाण्यात एन्झाइम निर्माण होतात. हे माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की तेच एन्झाइम दाण्यातल्या पिठाचे, म्हणजे स्टार्चचे, साखरेत रूपांतर करतात. तापमान या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे असेल तर यीस्टला सहज पचणारी साखर अधिक तयार होते आणि बिअर हलकी, कोरडी होते. वरच्या टोकाकडे असेल तर अंगाने भरीव होते. या प्रक्रियेला मॅशिंग म्हणतात आणि तिच्यातून मिळणाऱ्या गोड द्रवाला वर्ट. इथपर्यंतचे काम बव्हंशी एन्झाइमच करतात. माणसाची खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण साखर द्रवात उतरलेली असली तरी तो द्रव फुगलेल्या, चिकट, टरफलयुक्त चोथ्यात अडकलेला असतो. तो चोथ्यापासून वेगळा कसा काढायचा, याचीच उत्तरे माणूस हजारो वर्षे शोधत आला आहे.

मेसोपोटेमियात सुमारे १८०० इसवीसनपूर्व काळात मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या निन्कासी या बिअरदेवतेच्या स्तोत्रात शिजवलेला मॅश बोरूच्या मोठ्या चटयांवर पसरल्याचा आणि गाळलेली बिअर भांड्यातून ओतल्याचा उल्लेख येतो. फिनलंडमध्ये साह्ती नावाची पारंपरिक बिअर ज्या साधनातून गाळत, त्या कुउर्नाचे रूप मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटते : ओंडका कोरून केलेली लांब पन्हळ, तिच्या तळाशी गवताचा पेंढा आणि ज्युनिपर या सदाहरित झुडपाच्या फांद्या, आणि त्यांवर ओतलेला गरम मॅश. फांद्या चोथ्याला अडवतात, चोथ्यातली टरफले पिठाच्या बारीक कणांना अडवतात आणि पन्हळीच्या टोकाला तोटीतून वर्ट झिरपत येतो. यातले मर्म असे की गाळण्याचे खरे काम फांद्या करत नाहीत. त्या केवळ आधार देतात आणि चोथा स्वतःच स्वतःची गाळणी होतो. इंग्लंडमध्ये मॅशच्या पिंपाच्या तोटीवर विणलेली टोपली बसवत, तिच्यामागेही हेच तत्त्व होते. पुढे कारखान्यांत बारीक छिद्रांचा धातूचा दुहेरी तळ आला, तरी कल्पना बदलली नाही.

या कल्पनेची एक अट होती. चोथ्याची गाळणी व्हायची असेल तर टरफले शाबूत राहायला हवीत, म्हणजे माल्ट फार बारीक भरडून चालत नाही. भरड जाड ठेवली की दाण्याच्या आतल्या सगळ्या पिठापर्यंत पाणी पोहोचत नाही आणि काही साखर वाया जाते. ही साखर मिळवण्यासाठी इंग्लंडमधले जुने ब्रूअर त्याच चोथ्यावर पुन्हा पुन्हा गरम पाणी घालून दोन-तीन वेळा मॅश करत. पहिल्या पाण्याची कडक बिअर आणि शेवटच्या पाण्याची ‘स्मॉल बिअर’ होई. एकच मॅश करून नंतर चोथ्यावर वरून गरम पाणी शिंपडत राहण्याची, म्हणजे स्पार्जिंगची, रीत आधी स्कॉटलंडमध्ये रुळली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडनेही ती उचलली. दरम्यान मोजमापाची साधनेही ब्रूअरीत आली होती. थर्मामीटरच्या वापराचा पुरस्कार मायकेल कॉम्ब्रून यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात केला आणि वर्टमधली साखर मोजणाऱ्या सॅकरोमीटरबद्दल जॉन रिचर्डसन यांनी १७८४ साली लिहिले. ही साखर नेमकी कशामुळे तयार होते, याचे उत्तर मात्र १८३३ साली, पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून डायास्टेस हे एन्झाइम वेगळे काढले, तेव्हा हाती आले. म्हणजे चोथा गाळण्याचे आणि धुण्याचे कसब या शास्त्राच्या कितीतरी आधी पक्के झालेले होते.

स्पार्जिंगबरोबर तीन भांड्यांची मांडणी स्थिर झाली : एक गरम पाण्याचे, एक मॅशचे आणि एक उकळण्याचे. मोठ्या कारखान्याला ती पूर्णपणे परवडते, कारण टनावारी माल्टमधून शेवटचा साखरेचा अंश काढून घेण्यात त्याचा खरा फायदा असतो. वीस लिटर बिअर करणाऱ्या हौशी माणसाचे गणित निराळे आहे. स्पार्जिंग टाळल्यामुळे त्याचे पाव-अर्धा किलो माल्ट जास्त खर्च झाले, तरी दोन भांडी, एक पंप आणि तासभराची मेहनत वाचते. पण घरगुती ब्रूइंग पुन्हा उभे राहिले तेव्हा ते कारखान्याकडे पाहत उभे राहिले, आणि त्यामुळे हे साधे गणित बरीच वर्षे कोणी मांडले नाही.

पुन्हा उभे राहिले असे म्हणायचे, कारण मध्यंतरी कायद्याने त्याची वाट अडवली होती. ब्रिटनमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा जुना कर रद्द करून तो बिअरवर आणला आणि त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्यांसाठी परवान्याची पद्धत आली. ती १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी उठवली. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात माल्टचा घट्ट पाक डबाबंद करून बेकिंगचे साहित्य म्हणून विकला जाई आणि घरोघरी त्याची चोरून बिअर होई. दारूबंदी उठल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने ही उणीव दूर झाली आणि एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर कर न भरता करण्याची परवानगी मिळाली. तरीही मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत ती कायदेशीर व्हायला २०१३ साल उजाडले. ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने घरगुती बिअरवरचे निर्बंध सैल केले.

बंदीच्या काळातला माल्टच्या पाकाचा डबा मात्र कायदा बदलल्यावरही टिकून राहिला. डब्यातला पाक गरम पाण्यात विरघळवायचा, साखर मिसळायची, यीस्ट टाकायचे, एवढेच काम. ऑस्ट्रेलियात या पद्धतीला ‘किट अँड किलो’ हेच नाव पडले, म्हणजे एक डबा आणि एक किलो साखर. या डब्याने हजारो लोकांना ब्रूइंगच्या दारापर्यंत आणले, हे मान्यच करायला हवे. पण त्यात मॅशिंगचे काम दुसऱ्याने आधीच केलेले असते. कोणते माल्ट, किती तापमान, बिअर कोरडी हवी की भरीव, हे निर्णय डबा उघडण्यापूर्वीच झालेले असतात. ते निर्णय स्वतः घ्यायचे असतील तर धान्यापासून, म्हणजे ऑल-ग्रेन पद्धतीने, सुरुवात करणे भाग होते.

हौशी लोकांनी त्यासाठी कारखान्याची मांडणी लहान करून घरात आणली. अन्न गार ठेवण्याच्या इन्सुलेटेड पेटीच्या तळाशी छिद्रांची नळी बसवून तिचे मॅशपात्र करण्यात आले. प्लास्टिकच्या दोन बादल्या एकीत एक बसवून, आतल्या बादलीला शेकडो छिद्रे पाडूनही गाळणी तयार झाली. ही साधने उत्तम चालतात आणि आजही असंख्य लोक ती वापरतात. मात्र त्यांच्या वाटेत मॅश अडकण्याचा धोका कायम असे. तोटी उघडली की सुरुवातीला वर्टची धार येते, मग ती बारीक होत जाते, मग थेंब पडतात आणि मग तेही थांबतात. वर गरम चोथ्याचा दाबून बसलेला थर, खाली कोरडी नळी आणि हळूहळू उतरत जाणारे तापमान. चोथा ढवळून, त्यात गरम पाणी घालून, गाळणी पुन्हा बसू द्यावी लागे. गहू किंवा ओट्स जास्त असतील तर हा धोका आणखी वाढे, कारण गव्हाला टरफल नसते आणि ओट्सने मॅश चिकट होतो. पहिल्याच प्रयत्नात मॅश अडकल्यामुळे अनेक नवशिके पुन्हा डब्याकडे वळले असतील, तर त्यात मला त्यांचा दोष दिसत नाही.

कापडाची पिशवी या काळातही होतीच. ब्रिटनमधले हौशी ब्रूअर १९७०च्या दशकापासून बादलीत किंवा विजेच्या बॉयलरमध्ये धान्याची पिशवी वापरत. पण ती छिद्रे असलेल्या तळाच्या जागी आलेली होती. मॅश दाटच असे, पिशवीवरून पाणी शिंपडून चोथा धुतला जाई आणि वर्ट खालून काढला जाई. म्हणजे कापड नवे होते, विचार जुन्या गाळणीचाच होता.

तो विचार २००५-०६च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या हौशी ब्रूअरांनी बदलला. स्पार्जिंगसाठी वेगळे ठेवायचे पाणी त्यांनी मॅशमध्येच घातले, म्हणजे पूर्ण बिअरसाठी लागणारे सगळे पाणी पहिल्यापासून एकाच पातेल्यात. मग द्रव चोथ्यातून खाली काढण्याऐवजी चोथाच द्रवातून वर उचलून घेतला. या एका बदलाने दोन भांडी, पंप आणि तोटी यांची गरज संपली. शिवाय चोथ्याचा गाळणी म्हणून उपयोगच उरला नाही, त्यामुळे टरफले जपण्याची शेकडो वर्षांची अटही गेली आणि माल्ट बारीक भरडता येऊ लागले. स्पार्जिंग सोडल्यामुळे जी साखर जायची, तिचा बराचसा भाग या बारीक भरडीने परत मिळवून दिला. पडद्यांसाठी वापरले जाणारे व्हॉइल हे पॉलिएस्टरचे कापड पिशवीसाठी सोयीचे ठरले. ते उष्णता सहन करते, लवकर निथळते आणि वजन पेलते.

या पद्धतीवर आक्षेप आले, आणि ते विचारपूर्वक घेतलेले होते. पहिला आक्षेप पातळ मॅशचा होता. एक किलो माल्टला अडीच-तीन लिटर पाणी ही रूढ रीत असताना इथे सहा लिटरच्या वर पाणी जाते, मग एन्झाइम विरळ होऊन काम अर्धवट राहील अशी भीती होती. आजच्या माल्टमध्ये एन्झाइमचा साठा इतका भरपूर असतो की तासाभरात रूपांतर पूर्ण होते, हे प्रत्यक्ष वापराने दिसून आले. पाण्याच्या आम्लतेकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते, कारण अल्कधर्मी पाणी जास्त असले की मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ या योग्य पट्ट्याच्या वर सरकतो. दुसरा आक्षेप पिशवी पिळण्याबद्दल होता : पिळल्याने टरफलांतले टॅनिन उतरून बिअर तुरट होईल. वस्तुतः टॅनिन उतरते ते मुख्यतः चढलेल्या पीएचमुळे आणि जास्त तापमानामुळे. हाताच्या दाबाचा त्यात फारसा वाटा नसतो. खरे तर बारीक दळणे, कापडातून गाळणे आणि दाबून रस काढणे या तिन्ही गोष्टी मोठ्या उद्योगात बऱ्याच आधीपासून एकत्र नांदत होत्या. बेल्जियममधल्या म्युरा कंपनीच्या मॅश फिल्टरमध्ये पिठासारखे दळलेले माल्ट कापडी पडद्यांमधून गाळले जाते आणि पटलांच्या दाबाने चोथा पिळला जातो. वर्ट गढूळ येतो हा तिसरा आक्षेप बरोबर आहे. उकळल्यावर आणि आंबवण्याच्या काळात ही गढूळता बहुतांशी तळाशी बसते.

पातेले केवढे घ्यावे याचे उत्तरही याच इतिहासातून निघते. वीस लिटर बिअरसाठी साडेचार किलो माल्ट घेतले, तर चोथा साधारण तितकेच लिटर पाणी धरून ठेवतो, तासाभराच्या उकळीत तीन-चार लिटरची वाफ होते आणि तळाच्या गाळात एक-दोन लिटर जातात. म्हणजे सुरुवातीला सुमारे तीस लिटर पाणी, त्यात माल्टने व्यापलेली तीनेक लिटरची जागा, आणि म्हणून चाळीस लिटरचे पातेले. निथळलेली पिशवीसुद्धा चांगलीच जड भरते आणि पातेल्यातून वर येताना त्याहून बरीच जड असते. तिच्या चारही बाजूंनी वर्टच्या धारा लागतात, वाफ तोंडावर येते आणि हात अवघडतात. म्हणून पातेल्याच्या वर कप्पी टांगून दोरीने पिशवी उचलण्याची, किंवा पातेल्यावर जाळी ठेवून तीवर ती टेकवण्याची रीत पडली.

पुढे विजेवर चालणारी एकपात्री यंत्रे लोकप्रिय झाली. त्यांत कापडाच्या जागी छिद्रांची धातूची टोपली असते, पण चोथा वर उचलून घेण्याची क्रिया तीच राहते. दुसरीकडे, ज्यांचे पातेले लहान आहे किंवा ज्यांना जास्त माल्टची कडक बिअर करायची आहे, त्यांच्यासाठी सगळे पाणी एकदम घेणे शक्य होत नाही. असे लोक थोडे पाणी दुसऱ्या भांड्यात गरम ठेवतात, उचललेली पिशवी त्यात काही मिनिटे बुडवून हलवतात आणि ते पाणी मूळ पातेल्यात मिसळतात. पिशवीने वगळलेली चोथा धुण्याची जुनी रीत अशा वेळी, एका जास्तीच्या भांड्यासह, पुन्हा वापरात येते.